भारताचं पहिलं विमान आणि गडहिंग्लजचे डॉ. घाटगे

दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि चहा-जिलबी झाली की आपल्या सोसायटीत मुलांची प्रश्नमंजुषा होते. गेली काही वर्षं प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. एकदा मी सातवी-आठवीच्या मुलांना विचारलं, स्वतंत्र भारतानं स्वतः आखून बनवलेलं पहिलं विमान कोणतं आणि ते कुणी आखलं? लोहगावच्या विमानांचा आवाज ऐकत ही मुलं वाढली आहेत. गच्चीवर पतंग उडवताना आवाजावरून ती लढाऊ विमान आणि प्रवासी विमान ओळखतात. तेव्हा उत्तर सहज येईल असं मला वाटलं होतं.

एकानं अब्दुल कलामांचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं शिवकर बापूजी तळपद्यांचं सांगितलं, कारण मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं असा मेसेज त्याच्या बाबांच्या मोबाइलवर आला होता. त्यावर एक हिंदी सिनेमाही निघाला आहे. तळपद्यांच्या उड्डाणाचा भक्कम पुरावा कुणाच्या हाती लागलेला नाही. कलाम थोर खरे, पण त्यांचं क्षेत्र अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांचं. बरोबर उत्तर एकाही मुलाला आलं नाही. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा मोठ्यांनाही आलं नसतं. उत्तर होतं, एचटी-२ आणि डॉ. विष्णू माधव घाटगे.

मुलांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. माझं मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यातलं. घाटगे त्याच तालुक्यातल्या हसूरचंपूचे. आमच्या गावाहून एसटीनं गेलं तर अर्धा तासही लागत नाही. पण त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर, बंगळुरूला मुलीकडे गेलो असताना. तिथल्या एचएएलच्या संग्रहालयात एक छोटंसं, दोन माणसं पुढेमागे बसतील असं विमान पाहिलं आणि आखणाऱ्याचं नाव कळलं. नावावरून माणूस आपल्याकडचा असणार हे ओळखलं. गाव कोणतं ते नंतर शोधलं आणि खरं सांगतो, थोडी लाज वाटली. म्हणून स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा समितीचा निरोप आला तेव्हा विषय लगेच ठरला.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं, म्हणजे विमान ही गोष्टच तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. हसूरचंपू कोल्हापूर संस्थानात होतं आणि गादीवर शाहू महाराज होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा कायदा महाराजांनी १९१७ साली केला. अशा संस्थानातल्या एका खेड्यातून निघालेला मुलगा पुढे शिकत शिकत थेट जर्मनीतल्या गॉटिंगनला पोचला.

गॉटिंगनला लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक होते. विमानशास्त्रात त्यांचं नाव फार मोठं. त्यांनी १९०४ साली जगापुढे मांडलेली गोष्ट आपल्या घरातल्या पंख्यावरून समजते. दिवाळीच्या साफसफाईत आपण स्टुलावर चढून सिलिंग फॅन पुसतो, तेव्हा पात्यांवर धुळीचा थर असतो. वर्षभर पंखा गरगर फिरतो, मग वाऱ्यानं धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, तिथे वारा असा लागतच नाही. पात्यापासून थोडं दूर गेलं की मग हवेला वेग असतो. या दोहोंमधला हवेचा जो पातळ थर, त्यात विमानाचं बरंचसं गणित दडलेलं आहे. पंखाला हवेचा किती विरोध होईल, हवा पंखाला धरून कुठवर वाहील आणि कुठे पंख सोडून देईल, हे त्या थरावर ठरतं. प्रांटल यांनी हा थर ओळखला आणि तो गणितात बसवला.

प्रांटल यांच्या हाताखाली घाटगे यांनी संशोधन केलं आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत विमान आणि रॉकेटच्या क्षेत्रात मोठं नाव कमावलेले थिओडोर फॉन कारमान हेही प्रांटल यांचेच जुने विद्यार्थी. म्हणजे आपल्या गडहिंग्लजकडचा मुलगा कुठल्या शाळेत शिकून आला ते लक्षात यावं. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जर्मनीत विमानं भराभर बनत होती आणि ती कशासाठी ते सगळं जग पुढे पाहणार होतं. घाटगे मायदेशी परतले. इथे विमानाचा कारखाना नव्हता आणि विमानशास्त्र शिकवणारं खातंही नव्हतं. एवढं शिकून आलेल्या माणसानं करायचं काय, हा प्रश्नच होता.

त्याचं उत्तर एका सोलापूरकरानं दिलं. आपल्या फाटकासमोरून जो रस्ता जातो तो सरळ सोलापूरला जातो आणि वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. साखर, बांधकाम, जहाजं असे उद्योग करणाऱ्या वालचंदांच्या डोक्यात विमानांचा कारखाना घुसला होता. एका विमानप्रवासात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमानउद्योजकाशी त्यांची गाठ पडली आणि गोष्ट पुढे सरकली. म्हैसूर संस्थानानं बंगळुरूला जागा दिली, भांडवलात वाटाही घेतला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास डॉ. घाटगे तिथे रुजू झाले.

सुरुवातीला काम होतं ते परदेशी विमानांचे सुटे भाग आणून जोडायचं. ते करता करताच घाटगे यांनी दहा माणसं बसतील असं एक ग्लायडर आखलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते एकच बनलं, पण कंपनीनं स्वतःच्या आराखड्यावर बनवलेली ती पहिली वस्तू. पुढे युद्धाचा भडका उडाला, सरकारनं १९४२ मध्ये कारखाना हातात घेतला आणि लवकरच तिथे अमेरिकन सैन्याची विमानं दुरुस्तीला येऊ लागली. नवीन काही आखायला वाव राहिला नाही.

आता दुसरा कुणी असता तर हात बांधून बसला असता, नाहीतर परदेशाची वाट धरली असती. घाटगे त्याच गावातल्या दुसऱ्या दारात गेले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं टाटा इन्स्टिट्यूट. तिथे डिसेंबर १९४२ मध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तो उभा करण्यात घाटगे अगदी आरंभापासून होते. एका बाजूला जगात युद्ध, देशात चले जावचं आंदोलन, आणि इथे हा माणूस मोजक्या पोरांना फळ्यावर पंखाचं गणित शिकवतोय. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. विमान आखायचं तर एकट्यानं आखून होत नाही, आधी आखणारी माणसं तयार करावी लागतात. ते काम त्यांनी विमानाच्या आधी केलं.

स्वातंत्र्य मिळालं. हवाई दल आपलं झालं, पण विमानं परक्यांचीच. नव्या वैमानिकांना धडे द्यायला टायगर मॉथ नावाची इंग्रजांच्या काळातली जुनी, कापड मढवलेली, एकावर एक असे दोन पंख असलेली विमानं होती. त्यांच्या जागी आपलं स्वतःचं शिकाऊ विमान बनवायचं ठरलं. १९४८ च्या सुमारास काम सुरू झालं. डॉ. घाटगे मुख्य डिझायनर होते. विमानाचं नाव हिंदुस्थान ट्रेनर, म्हणून एचटी, आणि पुढे दोनचा आकडा.

मी आयुष्यभर हडपसरच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. विमानाला कधी हात लावलेला नाही, पण ड्रॉइंगवरून लोखंड घडवायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कागदावर रेघ ओढली की वस्तू होत नाही. एचटी-२ पूर्ण धातूचं होतं. म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला पंखासारखा बाक द्यायचा, आतल्या फासळ्यांवर तो रिव्हेट मारून बसवायचा आणि सुरकुती येऊ द्यायची नाही. त्यासाठी जिग-फिक्श्चर हवेत, ते बनवणारे कारागीर हवेत. शिवाय पहिला नग जमला म्हणून भागत नाही, शंभरावा नगही अगदी तसाच निघाला पाहिजे. हे सगळं स्वतंत्र होऊन एक-दोन वर्षं झालेल्या देशात, जिथे साधी शिलाई मशीन बनवणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

आणि शिकाऊ विमान म्हणजे सोपं विमान अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचे काय हाल होतात ते आपण बघतोच. विमानात तर चूक महाग पडते. शिकणारा पोरगा जोरात आदळत उतरणार, ते सोसलं पाहिजे. वेग फार कमी झाला की पंखाचा हवेवरचा आधार सुटतो, विमान एका अंगावर कलंडतं आणि भोवऱ्यासारखं गरगरत खाली येऊ लागतं. त्या गिरकीतून बाहेर कसं यायचं हे शिकवण्यासाठी विमान मुद्दाम गिरकीत घालावं लागतं आणि प्रत्येक वेळी ते बाहेर आलंच पाहिजे. म्हणजे चुकलं तर वैमानिकाला कळावं इतकं चपळ आणि चुकलं तरी त्याचा जीव वाचावा इतकं समजूतदार, असं यंत्र हवं. ते आखणाऱ्याच्या हिशेबात एखादी आकडेमोड चुकली, तर किंमत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी मोजायची.

५ ऑगस्ट १९५१ रोजी कंपनीचे वैमानिक कॅप्टन मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात नेलं. पुढे १५५ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन ते कारखान्यातून रीतसर बाहेर पडू लागलं. दीडशेहून जास्त विमानं बनली. तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या हवाई दलाच्या मुलांनी त्याच्यावर पहिले धडे गिरवले. १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढलेल्या कित्येक वैमानिकांनी पहिल्यांदा जमीन सोडली ती घाटगे यांच्या विमानातून. घाना हा आफ्रिकेतला देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी आपलं हवाई दल उभं केलं, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या विमानांत १२ एचटी-२ होती. म्हणजे स्वतः नुकताच शिकलेला देश दुसऱ्याला शिकवायला उभा राहिला.

एचटी-२ नंतर घाटगे आणि त्यांची माणसं थांबली नाहीत. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबसाठी दोन जागांचं पुष्पक उडालं. १९५९ मध्ये लष्कराला टेहळणीसाठी लागणारं कृषक आलं. मग जेटचा जमाना आला. पंख्याच्या विमानावर शिकलेल्या मुलाला एकदम जेटमध्ये बसवता येत नाही, मध्ये एक पायरी लागते. ती पायरी म्हणजे किरण. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं हे जेट ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं. यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. १९६८ पासून ते हवाई दलाकडे जाऊ लागलं. सूर्यकिरण नावाच्या कसरती करणाऱ्या पथकाची विमानं आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली असतील. १९९६ ते २०११ पर्यंत ते पथक याच किरण विमानांवर उडत होतं. पथकाचं नावही त्यावरूनच.

आता जी गोष्ट सांगतो ती थोडी कडू आहे, पण ती वगळली तर हे चरित्र नुसतं आरती ओवाळल्यासारखं होईल.

देशाला लढाऊ विमान हवं होतं. ते आखायचं काम १९५६ मध्ये कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याकडे दिलं गेलं. टँक मोठेच होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं एक नामांकित लढाऊ विमान त्यांनीच आखलं होतं. ते आपल्या जर्मन सहकाऱ्यांसह बंगळुरूला आले आणि भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन मारुत नावाचं विमान त्यांनी १७ जून १९६१ ला आकाशात उडवलं. आशिया खंडात हा मोठा पराक्रम होता. पण मारुतला साजेसं ताकदवान इंजिन कधी मिळालं नाही. आवाजाच्या वेगाच्या पुष्कळ पुढे जाण्यासाठी आखलेलं विमान त्या वेगाच्या आसपासच अडकलं. १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्यानं काम चोख केलं. तरी सुमारे दीडशे विमानांवर ते थांबलं. टँक १९६७ ला परत गेले. कारखान्यांत परदेशी ड्रॉइंगवर परदेशी विमानं बनत राहिली, चांगली बनत राहिली. पण भारतात आखलेलं पुढचं नवं लढाऊ विमान, म्हणजे तेजस, उडायला जानेवारी २००१ उजाडावा लागला. मध्ये चाळीस वर्षं गेली.

ही चाळीस वर्षं कशी जातात ते मी छोट्या प्रमाणावर पाहिलं आहे. मी नोकरी केली त्या कारखान्यात आमचा स्वतःचा डिझाइन विभाग होता. पुढे एका परदेशी कंपनीशी करार झाला, तयार ड्रॉइंग येऊ लागली आणि विभागातली माणसं हळूहळू दुसरीकडे हलवली गेली. माल उत्तम निघायचा. दहा-बारा वर्षांनी करार संपला आणि नवीन मॉडेल काढायची वेळ आली, तेव्हा कोरा कागद समोर घेऊन पहिली रेघ ओढेल असा एकही माणूस उरला नव्हता. मशीन सगळी जागच्या जागी होती. त्या दिवशी आमचे साहेब बोर्डापुढे किती वेळ नुसते उभे राहिले, ते मी विसरलेलो नाही.

घाटगे यांच्या कामाकडे मी त्या बोर्डापुढून बघतो. त्यांनी झगमगाटाचं काम धरलं नाही. आधी शिकवलं, मग शिकवणारं विमान बनवलं, मग त्याहून एक पायरी वरचं बनवलं. दरवेळी हातात जेवढं बळ तेवढीच उडी, आणि उडी मारणारी माणसं तीच, जास्त शहाणी झालेली. इंजिनं मात्र त्यांच्याही विमानांत परदेशीच होती. ती उणीव देशाला अजून पुरती भरून काढता आलेली नाही. तरीही त्यांनी हातात घेतलेली शिकाऊ विमानं पुरी झाली, हवाई दलात गेली आणि वर्षानुवर्षं वापरली गेली. संरक्षणाच्या कामात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते त्या क्षेत्रातली मंडळी जाणतात.

१९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले. बंगळुरूला एचएएलच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे आणि विमानशास्त्रातल्या कामासाठी त्यांच्या नावानं पुरस्कारही दिला जातो. आपल्याकडे मात्र शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. लढाऊ विमानाचं नाव पोरांना पाठ असतं, पण ज्या विमानावर वैमानिक शिकला त्याचं नाव कुणी विचारत नाही. बालवाडीच्या बाईंचं नाव कोण सांगतो, तसंच हे.

लोहगावहून उडून आपल्या गच्चीवरून जाणाऱ्या सुखोई विमानांतली बरीचशी आपल्याच नाशिकजवळ, ओझरच्या कारखान्यात बनलेली आहेत. आराखडा रशियाचा, हात आपले. आता आवाज आला की मी वर बघतो आणि मनात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे आतला वैमानिक कधीतरी एका साध्या शिकाऊ विमानात घाबरत बसला असेल. आणि दुसरी म्हणजे कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढणारा एक माणूस आमच्या गडहिंग्लजकडचा होता.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला उसाचे फड होते, रस्त्याला दिवे नव्हते आणि रात्री लोणी स्टेशनवरच्या गाडीची शिट्टी घरात ऐकू यायची. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आज इंजिनियर झाली आहेत. परवा एका मुलीनं जिन्यात थांबवून मला सांगितलं की तिला विमानांच्या डिझाइनचं शिकायचं आहे, पण घरचे म्हणतात त्यात नोकऱ्या कुठे आहेत. मी तिला हा लेख छापून येईपर्यंत थांब म्हणालो. बेटा, १९३६ साली तर या देशात विमानाचा एकही कारखाना नव्हता. तरी एक जण ते शिकून परत आला होता.

आणि हो, यंदाच्या प्रश्नमंजुषेत हा प्रश्न पुन्हा येणार आहे. आईवडिलांनीही तयारी करून यावं.

— एक सभासद